गाठीमामा आणि मागचे दिवे

गाड्यांच्या मागच्या दिव्यांची दुरुस्ती करणारा माणूस मागे जाऊन ते दिवे कधीच बघत नसे, यावर कोणाचा विश्वास बसेल? गाठीमामा बघत नसत. काम झालं की ते स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, गाडीच्या मालकाला मागे पाठवायचे आणि तिथून ओरडायचे, "काय दिसतं ते सांगा! वाटतं ते नको, दिसतं ते!" नुसतं 'लागला' म्हणून भागायचं नाही. कुठल्या बाजूचा, कुठल्या रंगाचा, स्थिर की लुकलुकता, सगळं मोठ्यानं सांगायचं. मैसूरच्या त्या गल्लीत मिशाळ ट्रॅक्टरवाले शाळेतल्या पोरांसारखी उत्तरं देताना मी पाहिलेत. म्हाताऱ्याचा तोरा, दुसरं काय, असं मला वाटायचं. आता ते आठवलं की अंगावर काटा येतो.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी मैसूरला आले आणि पुढे नोकरी सोडून खेड्यांतल्या शाळांसाठी फिरती प्रयोगशाळा सुरू केली. एक जुनी जीप आणि तिच्यामागे सामानाचा ट्रेलर. हौसेनं मी ट्रेलरला स्वतःच्या हातानं रंग लावला आणि दिव्यांना भूतबाधाच झाली. डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे सगळेच दिवे मिणमिणायचे; ब्रेक दाबला की उजवा लागायचा. मी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर! दोन दिवस हातात मीटर घेऊन बल्ब बदलले, फ्यूज बदलले, शेवटी नाक मुठीत धरून मामांकडे गेले. त्यांनी दिव्यांना हातही लावला नाही. ट्रेलरजवळ वाकून नाकानं हुंगलं, सांगाड्याचा एक बोल्ट काढला, त्याखालचा रंग कानशीनं खरवडला आणि बोल्ट परत आवळला. भूत पळालं.

"रंग छान लावलाव, अम्मा," ते म्हणाले. "पर अर्थिंगच्या बोल्टाखालीबी लावलाव. करंटानं परत जायचं कुठनं? मग वाट मिळंल तिथं घुसतंय. अष्टे."

अष्टे म्हणजे एवढंच. माझी पदवी त्या एका शब्दात निकालात निघाली.

मामांचं घराणं शिंप्यांचं. चार पिढ्या मैसुरात, तरी घरात मराठी. धाकट्या भावाचं शिवणकामाचं दुकान देवराज मोहल्ल्यात होतं. मामांच्याही खिशात मेण लावलेल्या दोऱ्याचं रीळ असे. बॅटरीवर दिवा लावून प्रत्येक तार आधी तपासायची आणि मग तिच्या दोन्ही टोकांना दोरा गुंडाळून गाठी मारायच्या. डाव्या इंडिकेटरला एक, उजव्याला दोन, ब्रेकला तीन. मी हसून म्हटलं, "मामा, तारांना रंग दिलेत ते काय शोभेला?"

"रंग उडतंय, अम्मा. गाठ बोटाला कळती."

हा किस्सा मी मीठमसाला लावून दहा जणांना सांगितला. गाठीमामा हे नाव मीच पाडलं आणि गल्लीनं ते उचललं.

पुढच्या वर्षी एका सकाळी बघते तर उंदरांनी ट्रेलरची केबल कुरतडलेली. अकरा वाजता बेट्टदपुरजवळच्या एका शाळेत मुलं वाट बघत बसणार होती. मामांनी नवी केबल घातली आणि नेहमीप्रमाणे खिशातून रीळ काढलं. माझं डोकं फिरलं.

"मामा, आज गाठी नकोत! रंगाला रंग जोडा, पाच मिनिटांचं काम आहे."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तारा उन्हात धरून उलटसुलट केल्या. "सरि," म्हणजे बरं, असं म्हणून त्यांनी त्या जोडल्या. पुढे बसून त्यांनी हाक दिली तेव्हा मी ट्रेलरकडे पाठ करून हेडमास्तरांशी फोनवर बोलत होते.

"काय दिसतं?"

"सगळं बरोबर!"

"ब्रेक?"

"हो हो!"

हुणसूर ओलांडल्यावर एक म्हैस आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि मागून धाडकन आवाज झाला. स्कूटरवरचा एक दूधवाला ट्रेलरवर आदळून रस्त्यात पडला होता. दुधाचा लोट माझ्या चपलांखालून वाहत होता. त्याचा हात भलत्याच दिशेला वळलेला, आणि तो एकच वाक्य परत परत म्हणत होता, "ब्रेक लाइट बर्लेइल्ला, ब्रेक लाइट बर्लेइल्ला." ब्रेकचा दिवा लागलाच नाही. मला त्या शब्दांपुढे काही ऐकूच येईना.

हात दोन ठिकाणी मोडला होता. त्याला दवाखान्यात पोचवून परतल्यावर मी प्लग उघडला. ब्रेकच्या लाल तारेच्या जागी उजव्या इंडिकेटरची हिरवी, हिरवीच्या जागी लाल. दुसऱ्या दिवशी मामांना फैलावर घ्यायला गेले, तर दुकानाला कुलूप. "माझ्या हातनं झालं," अपघाताचं कळताच एवढंच गल्लीला सांगून ते घरी निघून गेले होते. तशीच मी देवराज मोहल्ल्यात त्यांच्या भावाकडे जाऊन कडाडले. त्यानं गळ्यातली टेप काढून खाली ठेवली.

"तुमाला ठाऊक न्हाई, अम्मा? त्याला लाल अन् हिरवं एकच दिसतं. लहानपणापासनं. एका नवरीचा लाल झंपर हिरव्या दोऱ्यानं शिवला, तवा आमच्या अप्पांनी त्याला मशीनवरनं उठवलं. तवापासनं कुणाला सांगत न्हाई."

चाळीस वर्षं दिव्यांची कामं केली त्यांनी! वास घेणारं नाक, गाठी, मागून दिलेली उत्तरं, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं. गाठी मी काढून घेतल्या होत्या, आणि उरलेले डोळे माझे होते.

आठवड्यानं ट्रेलर घेऊन मी मामांच्या घरी गेले. ते नुकतेच दूधवाल्याला भेटून आले होते. रोज जात होते. "गाडी न्या, अम्मा. ह्या हाताला आता काम नको," म्हणाले. मी दोऱ्याचं रीळ त्यांच्यापुढे धरून उभी राहिले. हलले नाही. अखेर ते उठले. एकेक तार तपासली, गाठी मारल्या आणि सवयीनं सीटवर जाऊन बसले. ती त्यांची शेवटची दुरुस्ती ठरली.

"काय दिसतं ते सांगा!"

"डावा. पिवळा. लुकलुकतोय."

"आता?"

"उजवा. पिवळा. लुकलुकतोय."

"ब्रेक?"

सगळा जीव गोळा करून मी ओरडले, "दोन्ही लागलेत, मामा. लाल. स्थिर. आणि त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं! पाठ करून उभी होते!"

एरवी उत्तर मिळताच मामा ब्रेक सोडून देत. त्या दिवशी ते दोन लाल दिवे लागले ते लागलेच राहिले, आणि मी त्यांच्यासमोर उभी होते.