पाठीमागचं वळण

बत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. नदीचं वळण फळ्यावर काढून सांगायची, की बाहेरच्या काठाला पाण्याचा मार बसतो, तो झिजून कड्यासारखा उभा राहतो. आतल्या काठाला गाळ साचतो, तिथं सपाटी होते आणि माणसं गाव वसवतात. उदाहरण म्हणून दरवर्षी प्रागचं नाव घ्यायची. आमचं घर पडेगावात, शाळा छावणीच्या पलीकडं. माझ्या रोजच्या पाहण्यातली नदी म्हणजे खाम, आणि ती ओलांडताना नाकाला पदर. म्हणून निवृत्तीनंतर लेकीनं आम्हा दोघांना ऑक्टोबरात तीन दिवस प्रागला पाठवायचं ठरवलं तेव्हा मी सांगून टाकलं, राजवाडे तुम्ही बघा, मला फक्त ते वळण डोळ्यांनी पाहू द्या.

पहिला दिवस पावसानं खाल्ला, दुसरा ह्यांनी. निघताना गल्लीतले जे जे हार-नारळ घेऊन आले होते, त्या प्रत्येकाला काहीतरी न्यायलाच हवं होतं. बाहेर रस्ताभर पिवळी पानं पडत होती आणि हे माकडटोपी घालून एकाच दुकानात फ्रिजवर चिकटवायची चित्रं निवडत बसले. "हे शेजारच्या भाऊंना शोभेल का गं?" मी म्हटलं, भाऊंना काहीही शोभतं, चला आता. पण नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारचं विमान होतं. सकाळी मी हट्टानं ह्यांना होडीत बसवलं. कोवळं ऊन होतं, जुन्या दगडी पुलाखालून होडी निघाली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. वळण पाच मिनिटांवर होतं. तेवढ्यात फोन वाजला.

सोयगावहून ह्यांची थोरली बहीण, आक्का. पडद्यावर त्यांची ओसरी, मागं वेचून आणलेल्या कापसाचा ढीग.

"आरं, नुसती नदी काय दावतो? दोघं दिसू द्या, अन् माघं नदी दिसू द्या!"

झालं! ह्यांनी मला दंडाला धरून फिरवलं. आम्ही दोघं नदीकडं पाठ करून फोनकडं तोंड करून बसलो. आमच्याकडं फोन आला की घरातल्या प्रत्येकाशी बोलल्याशिवाय तो ठेवत नाहीत. आक्का झाल्या, त्यांची सून झाली, कापूस वेचणाऱ्या दोघी झाल्या, शेजारीण झाली. प्रत्येकीचं तेच, जेवलात का, थंडी लई हाय का. मी दोनदा मान वळवली.

"इकडं बघ की, आक्का बोलतीय," हे कुजबुजले.

"अहो, वळण आलं!"

"मोठी बहीण आहे. फोन कसा ठेवू?"

मी कापसाच्या ढिगाकडं बघून हसत राहिले. फोन ठेवला तेव्हा होडी धक्क्याला लागली होती. मागं चालत जाऊ म्हटलं, तर विमान चुकेल म्हणाले. ह्यांच्या घराण्यात साध्या बसलासुद्धा दोन तास आधी जाऊन बसतात. मी त्या धक्क्यावर, परक्या माणसांसमोर, चक्क रडले. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. माझं कर्म माकडटोपी घालून बॅगा मोजत उभं होतं.

भाऊबीजेला आक्का आमच्याकडं आल्या. ओवाळणं झालं, फराळाला गल्लीतल्या चार बायका बसल्या. प्राग कसं होतं, असं त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आक्काच सांगू लागल्या.

"लई भारी! नदी अशी गर्रकन वळती. एका अंगाला डोंगुर भिंतीवाणी उभा."

माझ्या हातातलं करंजीचं ताट तसंच राहिलं. राग आला होता, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"आक्का, अन् दुसरा काठ? तो सपाट होता?"

"व्हय की, पार सपाट. समदं गाव तिकडंच बसलंय." मग त्या माझ्याकडं बघून हसल्या. "आता मला काय इचारता, वहिनी? तुमीच तर तिथं बसल्या होत्या!"

हे खाली मान घालून चिवडा खात होते. मी आक्कांच्या ताटात आणखी एक करंजी वाढली. बत्तीस वर्षं शिकवलेलं बरोबर होतं, हे मला सोयगावच्या आक्कांकडून कळलं.