खंडेनवमीला धुतलेला सिंथेसायझर

आमच्या दादाकडं हल्ली माणसं बघायला येतात. म्हणजे दादाला नाही हो, त्याच्या मशीनला. गेल्या रविवारी समोरच्या टॉवरमधली हेमा आली. आयटीतली पोरगी, कानात कायम ती बोंडं घातलेली. दादानं वरची चादर काढली आणि ती किंचाळलीच, "काका! हा तर ओरिजिनल अ‍ॅनालॉग सिंथ आहे! व्हिंटेज! तुम्हाला माहितीये, आज ह्याची काय क्रेझ आहे?" दादा म्हणाला, "तुला माहितीये, ह्याच्यापायी घरात काय महाभारत झालं?" तिला वाटलं काका गंमत करताहेत. गंमत कसली डोंबलाची! मी सगळं या डोळ्यांनी बघितलंय. दादाला सांगायला लावलं तर तो अर्ध्यात हसत सुटतो, म्हणून मीच सांगते.

मी शालू, त्याची धाकटी बहीण. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर पोरं हाकली, त्यामुळं माझा आवाज जरा मोठा आहे. तेवढा चालवून घ्या.

गोष्ट शहाऐंशी सालची. तेव्हा खराडीत टॉवर नव्हते, आमची ज्वारी होती. दादा म्हणजे संपत, दिवसा शेतात आणि संध्याकाळी देवळात भजनाला पेटीवर. पेटी बरी वाजवायचा, पण त्याचं मन भरायचं नाही. त्या वर्षी गणपतीत तो शहरात ऑर्केस्ट्रा बघायला गेला आणि परत आला तो वेगळाच होऊन. जेवताना ताटलीवर बोटं नाचवतोय, भाकरी तशीच. "शाले, काय सांगू तुला! एक माणूस नुसतं एक बटन फिरवतो, आन् सनईची बासरी व्हती! बासरीचं वादळ व्हतं!" मी म्हटलं, आधी कालवण घे, वादळ नंतर.

पण वेडाला औषध नसतं. पंधरवडाभर त्यानं पुण्याच्या चकरा मारल्या आणि शोध लावला, की सदाशिव पेठेतल्या श्रीनिवासराव नावाच्या वादकानं नवा डिजिटल कीबोर्ड घेतलाय आणि जुना सिंथेसायझर विकायला काढलाय. झालं! आई चार दिवस माहेरी गेली होती. दादानं तेवढ्यात बाबांना पटवलं आणि गोठ्यातली म्हैस विकून टाकली. आईची म्हैस! तिनं रेडकापासून वाढवलेली! बाबा म्हणजे गेनबा, देवमाणूस, कुणाला नाही म्हणायचं त्यांना जमलंच नाही कधी.

मशीन आणायला मीही गेले होते दादाबरोबर. श्रीनिवासरावांनी दारातच सांगितलं, "चपला बाहेर. तिथं नाही, त्या बाजूला." पाणी विचारलं नाही. पण मशीनवरचं कापड काढलं तेव्हा त्यांचा हात किती हळू चालला, ते मी बघितलं. "हे बघा," ते म्हणाले, "हे एका वेळी एकच सूर वाजवतं. दोन पट्ट्या दाबल्यात तर नंतरची ऐकेल, आधीची सोडून देईल. ती नंतरची उचललीत की परत आधीच्या पट्टीवर येईल. दुसरं म्हणजे, याला स्मरणशक्ती नाही. आवाज जो काही बनवायचा तो बटणं फिरवून आपला आपण बनवायचा, आणि बटण हललं की गेला. नंतर तक्रार ऐकली जाणार नाही. नकोसं झालं तर दिवाळीपर्यंत परत घेईन. दिवाळीनंतर दार उघडणार नाही."

"आन् सनई कशी काढायची?" दादानं विचारलं.

"शोधा," ते म्हणाले. "मीही शोधलीच."

घरी आल्यावर जी मजा सुरू झाली, काय सांगू! दादा बटणं फिरवायचा आणि त्या मशीनमधून काय काय बाहेर पडायचं! एक बटण उघडलं की आवाज भांड्यात घुमल्यासारखा मोकळा व्हायचा, मिटलं की गोधडीत गुरफटल्यासारखा दबायचा. एक बटण फिरवलं की सूर पायरी पायरीनं न जाता घसरगुंडीवरून गेल्यासारखा जायचा. पेटीत जन्मात न येणारी मींड! दादा ओरडला, "शाले, सूर वाकतोय बघ! वाकतोय!" आणि मला धरून गरागरा फिरवलं. त्यानं विहिरीवरच्या मोटरीचा आवाज काढला, पावशा पक्ष्याचा काढला. शेजारची पोरंसोरं खिडकीला लटकलेली. मलाही हसू आवरेना. खोटं कशाला बोलू, मीही त्या बटणांच्या नादाला लागले होते.

आणि मग आई आली.

आई म्हणजे सोजरबाई. पाच फूटसुद्धा उंची नाही, पण ओट्यावर उभी राहिली की अख्खी आळी सरळ व्हायची. तिनं रिकामा गोठा बघितला. मग मशीन बघितलं. मशीनला शांतपणे विचारलं, "सकाळी किती देती गं? आन् संध्याकाळी?" बाबा लगेच शेतावर निघून गेले. दादा म्हणाला, "आई, लग्नांच्या सुपाऱ्या मिळतील. ऑर्केस्ट्रावाल्यांना लई मागणी हाय." आई म्हणाली, "दसऱ्यापातूर एक सुपारी आणून दाव. न्हाय आणलीस तर ज्याची वस्तू त्येच्या घरी, आन् माझ्या गोठ्यात म्हैस." एवढं बोलून ती चुलीकडं गेली, आणि त्या दिवसापासून तिनं त्या मशीनकडं ढुंकूनही बघितलं नाही. केर काढतानाही त्याला वळसा घालून काढायची. इतका हट्टी जीव मी दुसरा बघितला नाही, आणि मी चाळीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेत.

दादा गावभर फिरला. "एकाच सुराची पेटी? आन् ती बी जुनी?" म्हणून सगळे हसले. शेवटी आप्पासाहेबांनी शब्द दिला. गावातले मोठे बागायतदार, दिवाळीनंतर त्यांच्या मुलीचं लग्न होतं. ते म्हणाले, "दसऱ्याच्या संध्याकाळी भैरोबाच्या देवळापुढं वाजव. सनई वाजली पाहिजे सनईसारखी. पटलं तर तिथंच सुपारी देतो." दादा रात्रंदिवस सनईच्या मागं लागला. नवरात्रात कुठं ती सापडली. अशी सापडली, की ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्यानं सगळ्यांना बजावलं, "आता एका बी बटणाला हात लावायचा न्हाय. हललं की गेलं."

सगळ्यांना बजावलं. आईला बजावायचं त्याला सुचलं नाही. जी बाई मशीनकडं बघत नाही, तिला काय बजावायचं?

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी अवजारं धुऊन पुसून ओळीनं मांडतात, पूजा करतात, आणि त्या दिवशी कुठल्याच अवजाराला हात लावत नाहीत. त्यालाही एक दिवस विसावा. दादा झेंडूची फुलं आणायला मार्केट यार्डात गेला होता. मी तळ्यावरून धुणं घेऊन आले आणि अंगणात बघते तर काय! नांगर, कुळव, विळे, खुरपी, पाण्याची मोटर, आणि मोटरीच्या शेजारी सिंथेसायझर! ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेला! एकेक बटण चोळून काढलेलं! पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं, वर फूल, आणि आई नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडतेय. त्याच्यावर तर जरा जास्तच.

"आई! अगं काय केलंस हे!" मी बोंबलले.

"काय केलं?" ती म्हणाली. "पोराचं अवजार हाय न्हवं? नांगराला पूजा आन् त्येला न्हाय? त्येनं काय घोडं मारलंय?"

इतके दिवस जिला ते घरात खुपत होतं, तिनं ते आपल्या हातानं उचलून नांगराच्या ओळीत आणून ठेवलं होतं. आणि तसं करताना सनईचा पार निकाल लावला होता. दादा आला, त्यानं बघितलं. मला वाटलं आता भडका उडणार. पण तो आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "कुंकू बरोबर मधोमध लावलंस." मग मागच्या दारी जाऊन तोंडावर पाणी मारून आला. डोळे लाल होते.

त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, सकाळपासून लाइट गेलेली. लाइटशिवाय मशीन म्हणजे फळकूट. दादा आपल्या अंदाजानं बटणं फिरवत बसला, पण कानाला ऐकू आल्याशिवाय सनई कशी सापडणार? लाइट आली ती आम्ही सोनं लुटून देवळापुढं जमलो तेव्हा. आप्पासाहेब खुर्चीवर, माणसं पारावर, बायका एका अंगाला. बाबा सारखे देवाला हात जोडत होते. दादानं मशीन कर्ण्याला जोडलं आणि बटण दाबलं.

टुंग टुंग टुंग टुंग!

कुणी पट्टीला बोटसुद्धा लावलेलं नव्हतं! नारळाचं पाणी आत वाळून चिकट झालेलं, एक खालची पट्टी बसली ती उठेचना. आणि आईनं फिरवलेल्या कुठल्यातरी बटणानं त्या सुराचे ठोके पाडले होते. दादानं वरची पट्टी दाबली की तो सूर वाजायचा, बोट उचललं की घसरत परत खाली, टुंग टुंग टुंग टुंग! माणसं हसायला लागली. पारावरून भैरू ओरडला, "संपत, मोटर लागली बघ, पाणी सोड!" दादाच्या कपाळावरून घामाची धार. मी मुठी आवळून उभी. वाटलं, त्या भैरूच्या थोबाडीत द्यावी. आप्पासाहेब खुर्चीतून उठायला लागले.

आणि बायकांतून आवाज आला, "थांबा!"

आई! अंगणाबाहेर कधी मोठ्यानं न गायलेली माझी आई! ती सरळ पुढं आली. "आरं, ह्ये तर तुणतुणं हाय," ती दादाला म्हणाली. "माझ्या माहेरी गोंधळाला हेच वाजतं. सनईच्या नादाला लागू नगंस. वाजू दे तसंच." आणि डोक्यावरचा पदर नीट करून तिनं आवाज लावला, "आईचा उदो उदो!"

बाई गं! तो आवाज! तिनं मशीनचा सूर असा पकडला, जसा काही तो तिच्यासाठीच अडकून बसला होता. मग दरवर्षी माहेरच्या गोंधळात ऐकलेलं देवीचं गाणं, सगळं तोंडपाठ. एक ओळ ती म्हणायची, दादा वरच्या पट्ट्यांवर तिच्यामागं जायचा आणि बोट उचलायचा, की सूर वाकत, घसरत परत तिच्या पायाशी, टुंग टुंग! पेटीवर सात जन्म घालवले असते तरी दादाला हे वाजवता आलं नसतं. आता तो घाबरत नव्हता. एक हात पट्ट्यांवर, दुसरा बटणांवर. आईनं आवाज चढवला की हा बटण उघडायचा आणि कर्णा नुसता लखलखायचा! हलगीवाल्यानं हलगी काढली. बायका धावून आल्या, पारावरचे उठले, तो भैरूसुद्धा टाळ्या पिटायला लागला. अख्खा गाव एका आवाजात "उदो उदो!" मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. बाबा तर उघड उघड रडत होते.

गाणं थांबलं तरी मशीन थांबेना. दादानं शेवटी वायरच उपटली.

आप्पासाहेब पुढं आले. म्हणाले, "संपत, सनई न्हाय वाजवलीस तू." मग त्यांनी खिशातून विड्याचं पान आणि सुपारी काढली. "सनईवाला मी दुसरा बघतो. लग्नानंतरचा गोंधळ तुझा. पण म्हातारी बरोबर पाहिजे."

"म्हातारी कुणाला म्हनतो रं आप्पा?" आई कडाडली. "तुला कडेवर खेळवलाय मी!"

सगळे हसले, आप्पासाहेबही. त्यांनी सुपारी दादापुढं धरली. दादानं ती घेतली नाही. त्यानं नुसता आईकडं हात केला. आई एकदम गोंधळली. देवळापुढं, एवढ्या माणसांत, कुणी तिला काही देऊ करत होतं, आणि ते बाबांच्या हातात किंवा दादाच्या हातात नाही, तिच्या. तिनं एकदा बाबांकडं बघितलं. बाबा म्हणाले, "माझ्याकडं काय बघती? घे की."

आईनं हात पदराला पुसले, पदर पसरला, आणि पान-सुपारी घेतली. मग दादाला म्हणाली, "कोणत्या दिशी हाय रं गोंधळ? माझं हिरवं लुगडं धुऊन ठिवाय पाहिजे."