न मोजलेले फेरे

साकोलीला हायवेवरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात मी कामाला लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. शेतातल्या पाण्याच्या मोटारी जळून यायच्या आणि आम्ही दोघं त्या नव्या तारेने बांधायचो: मी आणि आंधळगावचे एक जुने कारागीर. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते बौद्ध, मी ख्रिस्ती. डबा उघडला की मी डोळे मिटून प्रार्थना करायचो आणि ते घास हातात धरून थांबायचे.

"झालं काय रे बोलून? वरच्याले सांग, भाजी थंडी होऊन राहिली."

त्या वर्षी चर्चमधल्या तरुणांच्या सभेत पाळकसाहेब म्हणाले, देवाला रविवारपुरता ठेवू नका, हातातल्या कामात आणा. मी ते शब्दशः घेतलं. गुंडाळायच्या यंत्राचा फेरे मोजणारा काटा बिघडलेला असल्याने कॉइल गुंडाळताना तारेचे फेरे तोंडाने मोजावे लागत. मी मोजता मोजता मनात प्रार्थना म्हणू लागलो. एका दुपारी आकडा सुटला. फेरे कमी पडले की मोटार जळते; तार उलगडून पुन्हा मोजायला हवी होती, पण मन प्रार्थनेत लागलं होतं आणि मला ते मोडायचं नव्हतं. अंदाजाने फेरे पुरे केले, कॉइल बसवली, दोऱ्याने बांधली.

चार दिवसांनी सिहोऱ्याच्या शेतकऱ्याने मोटार परत आणली. आत सगळं काळं. तिकडे धान पाण्याविना उभं. ती गेली त्या दिवशी दुकानातून सारख्याच दोन मोटारी गेल्या होत्या, एक माझी, एक भाऊंची. ही कोणाची, हे दुकानाच्या शेठनी विचारलंही नाही. भाऊंच्या चष्म्याकडे बघून म्हणाले, "आता तुमच्याच्यानं मोजणं होत नाही, भाऊ."

भाऊंनी जळकी कॉइल हातात फिरवून पाहिली आणि खाली ठेवली. मोजणं माझं चुकलं होतं, पण मी ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मोटारी खोलायच्या आणि जळकी तार ओढून काढायची, एवढंच काम त्यांना राहिलं. डब्याच्या वेळी ते पूर्वीसारखेच घास धरून थांबत. थट्टा मात्र बंद झाली. वर्षभरात ते काम सोडून गावी परतले.

आज माझं स्वतःचं दुकान आहे. प्रार्थना एक दिवस चुकली नाही. मागच्या महिन्यात आंधळगावला गेलो, त्यांच्या ओसरीवर बसलो आणि सांगून टाकलं.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," ते म्हणाले. "तू डावखुरा. दोऱ्याची गाठ उलटी पडली होती."

"मग शेठले काहून नाही सांगितलं?"

"तू रोज वरच्यासंग बोलत होता ना. मले वाटे, आज ना उद्या तोच तुले शेठकडे धाडंल."

देवाकडे मी रोज क्षमा मागत होतो, हे खरं. मागितली की हलकं वाटे, आणि तेवढ्यावर तो दिवस निघून जाई. भाऊंना हेही सांगितलं.

वहिनींनी ताटं आणली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते घास धरून बसले होते.

"झालं काय रे बोलून?"

"शेठशी राहिलं, भाऊ. चारच्या बसने साकोलीला जातो."

"जाय. पण आधी जेव."