खाल्लेलं अंड्यात उतरतं

भाट्याच्या खाडीपलीकडून अंडी विकायला येणारी म्हातारी मागच्या खेपेची टरफलं परत मागून घ्यायची. एकेक टरफल नाकाशी धरायची आणि मान वर न करता त्या कोंबडीबद्दल सांगायची, “हिनं सुका जवळा खाल्लान.” त्याच जवळ्याच्या मासळीसारख्या वासाने माझ्या गरोदर बायकोच्या पोटात अंडं ठरत नव्हतं. मी घराण्यातला पहिला बी.एस्सी. झालेला; कोंबड्यांना जवळा बंद करून सरकीची पेंड घालायला म्हातारीला मीच फर्मावलं.

“घालीन, मास्तर. पण खाल्लेलं अंड्यात उतरतं हां.”

वास गेला खरा. पण महिनाभर ठेवलेलं एक अंडं फोडलं, तर आतलं पांढरं चक्क गुलाबी निघालं, रक्ताचा हात धुतलेल्या पाण्यासारखं. बायको किंचाळली. मी कारण शोधत पुस्तकं चाळू लागलो.

म्हातारी आली. तिने बशीतल्या अंड्यात बोट बुडवून जिभेला लावलं. “ही पेंड. कोंबडीचा काय दोष न्हाय.” मग ती बायकोच्या पोटाकडे बघू लागली.

“मास्तर, हिला काय खायला घालता?”

“भात, दूध, फळं, तुमची अंडी.”

“आणि?”

आणखी काहीच नव्हतं. तरी बायकोनंसुद्धा पोटावर हात ठेवत मला विचारलं, “आणि?”