उरलेला अर्धा सूर्य

ब्रह्मदेवानं सृष्टी तयार करून आधी आमच्या दाजींकडे तपासायला पाठवली असती, तर तुम्ही-आम्ही कोणी अजून जन्मालाच आलो नसतो. हिमालय वाकडा आहे, उंटाचं फिनिशिंग खराब आहे आणि डासांची मुळात गरज काय, असे तीन शेरे मारून दाजींनी सगळा माल पहिल्याच दिवशी परत पाठवला असता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तयार माल तपासण्यात घालवली. तिथं धातूच्या तुकड्याला पाडलेलं भोक बरोबर आहे की नाही हे बघायला एक दुतोंडी दांडी असते. तिचं एक टोक भोकात गेलंच पाहिजे आणि दुसरं अजिबात जाता कामा नये. पहिल्या टोकाला म्हणतात ‘गो’ आणि दुसऱ्याला ‘नो-गो’. दांडी कारखान्यातच राहायची, पण हे दोन शब्द दाजी रोज जेवणाच्या डब्याबरोबर घरी आणायचे. मग इंदिरानगरातले आंबेवाले, दातांचे डॉक्टर, लांबचे नातेवाईक आणि भजनी मंडळं, सगळ्यांची वाटणी या दोन शब्दांत व्हायची. मी कोणत्या बाजूला पडतो ते मी कधी विचारलं नाही. उगाच नसती आफत कशाला ओढवून घ्या!

ताईला बघायला ते सिन्नरला आमच्या घरी आले, तेव्हाची गोष्ट अजून गावात सांगतात. पोहे झाले, ताई येऊन बसली, पाहुण्यांनी नाव-गाव-शिक्षण विचारलं. नवरदेवाचं सगळं लक्ष मात्र माजघराच्या दाराकडे. मध्येच हे उठले, बाहेर लावलेल्या स्कूटरच्या डिकीतून पेचकस आणला, ढिली झालेली बिजागरी आवळली, दार दोनदा उघडून-मिटून बघितलं आणि परत जागेवर बसून म्हणाले, “बाकी सगळं गो आहे.” माझे वडील आईच्या कानाशी लागले, “हे पोरगं लग्नाला आलंय का दुरुस्तीला? पण लय कामाचं दिसतंय.” लग्न ठरलं. दाजींनी पहिल्या फटक्यात पास केलेली जगातली एकमेव गोष्ट म्हणजे माझी बहीण, आणि तिला अजूनही संशय आहे की पास झाली ती बिजागरी.

रविवारी सकाळी आम्ही दोघं मिसळ खायला जायचो. तिथं दाजी पाव हातात घेऊन अंगठ्यानं दाबायचे आणि तो किती वेळात वर येतो ते बघायचे. रेंगाळला की परत. शेवटी मालकानं गल्ल्याशेजारी एक वेगळी परात ठेवली आणि दाजी आत शिरले की तो ओरडायचा, “साहेबांचे दाबलेले पाव आणा रे!” दाजींना त्यात काही चेष्टा वाटायची नाही. त्यांचा दुसरा नियम होता दोन सह्यांचा. एकट्याची तपासणी ती तपासणीच नव्हे. घरात मिक्सर आला तरी एका कागदावर त्याचे गुणदोष लिहायचे, खाली ‘तपासले’ म्हणून स्वतःची सही आणि त्याखाली ‘फेरतपासले’ म्हणून माझी. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे ते मला मास्तर म्हणायचे आणि माझ्या सहीला मिक्सरच्या बाबतीतसुद्धा वजन आहे असं समजायचे.

आता या माणसाचा एकच शत्रू, तो म्हणजे गंज. आणि गंजाचं माहेर म्हणजे समुद्र. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी कारखान्याची सहल डहाणूला गेली होती, बायकामुलांसकट. ताईनं तोवर समुद्र बघितला नव्हता. संध्याकाळी सगळे वाळूत बसले, सूर्य लालभडक होऊन पाण्याला टेकला, निम्मा आत गेला आणि दाजींनी शिट्टी वाजवली. बस सुटायची वेळ झाली होती. शिवाय खाऱ्या वाऱ्यात आणखी थांबलं तर बसच्या पत्र्याचं काय! ताई मागे वळून वळून बघत बसमध्ये चढली. ती पुढं कधीतरी म्हणायची, “तेवढा अर्धा सूर्य माझा राहिला बघायचा.” दाजी म्हणायचे, “बस वेळेवर पोचली ना?” ती म्हणायची, “पोचली.” मग दोघं स्कूटरवर बसून गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्याकडे जायची. पण तिथला सूर्य डोंगराआड जातो, पाण्यात नाही. ताईला ते चालायचं नाही.

आमचा भाचा, त्यांचा एकुलता एक, सिडनीत स्थायिक झाला. त्याला मुलगी झाली आणि त्यानं आईबाबांचा पिच्छाच धरला, की आता कायमचेच इकडे या. दाजी लगेच तयार. नवा देश म्हणजे तपासायला केवढा माल! अडून बसली ताई. महिनाभर हो नाही, नाही नाही. शेवटी एका सकाळी भाजी निवडता निवडता म्हणाली, “येते. पण समुद्राकाठी घर पाहिजे. संध्याकाळी गॅलरीत बसून चहा पिताना सूर्य अख्खाच्या अख्खा पाण्यात बुडताना दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढच्या विमानानं मी नाशिकला. मग नातीची शपथ घातलीत तरी थांबायची नाही.” मी समोरच बसलो होतो. ताई थट्टेत असली की डोळे बारीक करते. त्या दिवशी केले नव्हते. भाचा म्हणाला, “बाबा, माझं काम घरूनच चालतं. तुम्ही सांगाल त्या उपनगरात घर घेतो.”

मग जे सुरू झालं त्याला घर शोधणं म्हणणं हा दाजींचा अपमान होईल. समुद्राकाठची अकरा उपनगरं त्यांनी नकाशावर काढली. प्रत्येकाला एक पान. दवाखाना किती लांब, बसथांब्यापर्यंत चढ किती (ताईचे गुडघे), किनाऱ्यावर बाकं किती आणि त्यांना पाठ आहे का, मासळीचा वास कुठवर येतो. एक उपनगर बाद झालं कारण फोटोतल्या सगळ्या कुत्र्यांची तोंडं एकाच दिशेला होती, अर्थात वारा फार. दुसरं बाद झालं ते त्याचं नाव ताईला उच्चारता येईना म्हणून. “रिक्षावाल्याला काय सांगशील तू?” असं दाजींनी तिला विचारलं. तिथं रिक्षा नसतात, हे भाच्यानं सांगितलं तर म्हणाले, “तो वेगळा दोष. तोही लिहून घेतो.”

आणि मग खिळे. हे मी सांगितलं तर लोकांना थाप वाटते. गाळून गाळून उरलेल्या सहा उपनगरांत किनाऱ्यावरच्या एकेका बाकाखाली भाच्यानं एकेक लोखंडी खिळा दोरीनं बांधायचा आणि पंधरा दिवस रोज त्याचा फोटो पाठवायचा. ज्या गावात खिळा कमी गंजेल ते गाव चांगलं. भाचा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, हाताखाली गोरी माणसं आहेत, पण बापापुढे बिचाऱ्याचं काही चालत नाही. तो रोज संध्याकाळी गाडी काढून बाकांखाली वाकायचा. एका ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईंनी त्याला हटकलं. त्यानं सांगितलं, “माझ्या वडिलांनी बांधायला सांगितलाय.” बाईंना ती वडिलांची शेवटची इच्छा वाटली असावी; त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या खिळ्याजवळ रोज एक फूल ठेवू लागल्या. दाजींनी फोटो मोठा करून बघितला आणि चिडून म्हणाले, “फुलाला ओल असते! रीडिंग चुकेल!” तरीसुद्धा सगळ्यांत कमी गंजला तो तोच खिळा. उपनगर ठरलं.

शेवटचा तक्ता घेऊन दाजी रविवारी मिसळीला आले. दोन फूट लांब कागद, बारीक अक्षर. शेवटचा रकाना होता ‘सूर्यास्त’. त्यात प्रत्येक गावापुढे एकच मजकूर होता: ‘समुद्र घरासमोर. गो.’ पाव रश्श्यात बुडवता बुडवता मी सही ठोकली. फेरतपासले. आता खरं सांगतो. आपल्या नाशिककराच्या हिशेबी समुद्र म्हणजे पश्चिम आणि पश्चिम म्हणजे समुद्र. घाट उतरायचा, उतरत राहायचं, की आलाच. मीही वर्गात तीस वर्षं नकाशावर पट्टी ठेवून अरबी समुद्र डावीकडेच दाखवत आलो. बंगालच्या उपसागराला आम्ही दोन मार्कांपलीकडे कधी किंमत दिली नाही. तेव्हा दाजींची चूक मला समजण्यासारखी आहे. माझी नाही. माझ्याकडे भिंतीवर जगाचा नकाशा होता, आणि मी तो बघितला नाही, कारण मला बघायचाच नव्हता. माझी बायको गेल्यापासून दोन्ही वेळा मी ताईकडे जेवायचो. तो कागद वाचला असता तर ताई जाणार हे खरं झालं असतं. नुसती सही केली की तेवढं दुखणं चुकवता येतं.

दोघं गेली. विमानतळावर दाजींनी सामानाच्या तीन ढकलगाड्या चाक वाजतं म्हणून बदलल्या आणि चौथी नाइलाजानं घेतली. ताईनं माझ्या हातात फ्लॅटची किल्ली दिली आणि म्हणाली, “आठवड्यातून एकदा खिडक्या उघड.” तिसऱ्या दिवशी दुपारी दाजींचा फोन.

“मास्तर, गॅलरीत बसलोय. समुद्र समोर आहे.”

“वा!”

“सूर्य नाहीये.”

“ढग असतील दाजी.”

“ढग नाहीत. सूर्य आपल्या मागे आहे. मागे एक दुकान आहे, त्याच्या पार्किंगमध्ये बुडाला.”

माझ्या डोळ्यांसमोर भिंतीवरचा जगाचा नकाशा आला, त्यावर ऑस्ट्रेलिया आला, आणि सिडनी आली, थेट उजव्या कडेला. पूर्व किनारा! आठवीच्या पोरालाही हे कळलं असतं. “ताई काय म्हणाली?” मी कसंबसं विचारलं. “काही नाही,” दाजी म्हणाले. “चहाचा कप आत नेऊन ठेवला. आता खोलीत आहे. बॅग ओढल्याचा आवाज येतोय.” इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आधी, मनाला लाज नाही म्हणतात तसं, मला आनंद झाला. ताई परत येणार! दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन त्यांच्या फ्लॅटवर गेलो. खिडक्या उघडल्या, पलंगावरची चादर काढली, जाळी-जळमटं झाडली, माठ घासून भरून ठेवला. दूधवाल्याला सोमवारपासून अर्धा लिटर सांगितलं. तो म्हणाला, “ताई तर परदेशी गेल्या ना?” म्हटलं, “गेल्या होत्या.” चार दिवस हेच. पाचव्या दिवशी बाजारातून मेथीची जुडी आणली आणि ताईच्या ओट्याशी उभा राहून निवडत होतो, तेवढ्यात तिचा फोन आला.

“कधी येतेस?” मी आधीच विचारलं.

“कुठं रे?”

“इथं. तू बोलली होतीस तसं.”

“बोलले होते. बॅगही भरली होती. इथं सूर्य सकाळी निघतो म्हणे समुद्रातून. भाचा तुझा दाखवायला घेऊन गेला. उगवता काय, सिन्नरच्या मळ्यात रोज बघितलाय मी. मला नको होता. तिकीट काढ म्हणाले मी त्याला.”

“मग?”

“मग काल हे आले खोलीत. साहेबापुढे उभे राहतात ना, तसे हात मागं बांधून उभे राहिले. आणि म्हणाले, ‘माझं चुकलं.’ बाळू, चाळीस वर्षं संसार केला, ह्यांच्या तोंडून हा शब्द कधी ऐकला नव्हता. मी घाबरले. कपाळाला हात लावून बघितला ताप आहे का. ताप नव्हता रे. डोळे भरले होते. आता हा माणूस असं म्हणाल्यावर बॅग उचलून मी निघू कशी? तूच सांग.”

म्हटलं आता बोलायलाच हवं. “ताई, चूक त्यांची नाही, माझी आहे. त्या कागदावर फेरतपासले म्हणून माझी सही आहे. मी न बघता केली. दे त्यांना फोन, मी सांगतो.”

“माहितेय मला,” ती शांतपणे म्हणाली. “कागद वाचलाय मी. तुझी सही मी ओळखत नाही होय? पण ह्यांना काही सांगू नकोस. जन्मात एकदा कबूल केलीय चूक, ती त्यांचीच असू दे. आणि तू न बघता का केलीस, तेही कळतं मला. बहीण आहे तुझी.”

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग नेहमीसारखं तिनं विचारलं, “जेवलास का?”

“जेवलो,” मी म्हणालो. “मेथीची भाजी केली होती.” फोन ठेवला, आणि अर्धी निवडलेली जुडी पिशवीत भरून, खिडक्या एकेक लावून घेतल्या.