केस आणलेत का?

त्या दिवशी माझ्या मैत्रिणीचा अंबाडा मी बांधला होता. एरवी ती स्वतःच बांधायची, पण आदल्या दिवशी पाण्याचा हंडा उचलताना तिचा खांदा लचकला होता आणि हात डोक्यामागे जात नव्हता. आमच्या कारखान्यात बायकांना कपडे बदलायला गोडाऊनच्या कोपऱ्यात पडदा लावून जागा केली होती. तिथे ती एका खोक्यावर बसली आणि मी मागे उभी राहिले. तिचे केस कमरेखाली यायचे, दाट आणि जड. पाच पिना लावल्या, वरून रुमाल बांधला.

"घट्ट बांध गं."

"मान हलवून बघ."

तिने डावीउजवीकडे मान हलवली, "झकास" म्हणाली आणि मशीनवर गेली.

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला तो छोटा कारखाना. पितळी नळांचे सुटे भाग व्हायचे. चार ड्रिलिंग मशीन होती आणि चारही मशीनवर बायका होत्या. मी शेठच्या केबिनबाहेर टाइपरायटरवर बसायची. गिरण्यांचा संप मोडून दोनेक वर्षं झाली होती. माझे वडील त्या संपात घरी बसले ते बसलेच. आमचं चार माणसांचं घर माझ्या पगारावर चाललं होतं. हे सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला हेच कारण होतं. सबब नव्हे, कारण.

ड्रिलच्या फिरत्या दांड्याभोवती एक लोखंडी जाळी असते. तिच्यामुळे हात, पदर, केस आत जात नाहीत. पण जाळी उघडायची, भाग बसवायचा, परत लावायची, यात वेळ जातो. म्हणून सुपरवायझरने चारही जाळ्या काढून ठेवल्या होत्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

अकराच्या सुमारास आधी मशीनचा पट्टा करकरल्याचा आवाज आला, मग किंकाळी. मी धावले तोवर कुणीतरी मेन स्विच बंद केला होता. ती मशीनशेजारी जमिनीवर बसली होती. रुमाल नव्हता. डोक्याच्या उजव्या बाजूला, कानाच्या वरपासून टाळूपर्यंत, केस नव्हते आणि कातडीही नव्हती. ती रडत नव्हती. माझ्याकडे बघून म्हणाली, "माझी पिन पडली गं. ती उचलायला वाकले."

मी माझी ओढणी तिच्या डोक्याभोवती गुंडाळली. रिक्षा केली. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं तर दारातच डॉक्टर म्हणाले, "मशीनचा अपघात? ही पोलीस केस आहे. आम्ही हात लावू शकत नाही. पालिकेच्या हॉस्पिटलात न्या."

"अहो, निदान पट्टी तरी बांधा."

"सांगितलं ना, पोलीस केस आहे."

पुन्हा रिक्षा. पालिकेच्या हॉस्पिटलात तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि मला खिडकीकडे पिटाळलं, "केसपेपर काढून आणा." रांगेत माझ्यापुढे अकरा माणसं होती. माझ्या कपड्यांवर रक्त होतं, ते बघून लोकांनी मला पुढे सोडलं. खिडकीतल्या माणसाने नाव, वय, पत्ता विचारला. वय सांगताना माझी जीभ अडखळली. ती बावीस वर्षांची होती, माझ्याएवढीच.

तो कागद घेऊन मी धावत आत गेले. एक तरुण डॉक्टर बाहेर आले, हातमोजे घातलेले.

"तुम्ही हिच्याबरोबर? केस आणलेत का?"

"आणलाय," म्हणून मी कागद पुढे केला.

त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. "कागद नाही हो! केस! तिचे केस! जो भाग निघालाय तो कुठे आहे?"

मला काही कळेना. मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "बाई, ती कातडी परत वापरता येते. सगळी नाही, पण काही भाग. तासाभरात आणा. स्वच्छ कपड्यात गुंडाळून, पिशवीत, बर्फावर. बर्फ थेट लागू देऊ नका. जा."

मी धावत सुटले. रिक्षावाल्याला सांगितलं, "भय्या, जितना जल्दी." सिग्नलला रिक्षा थांबली की मी पुढे वाकून लाल दिव्याकडे बघायची. डोक्यात एकच चक्र फिरत होतं. मी पाच पिना लावल्या होत्या. की चार? पिन पडली म्हणजे सैल होती. सैल कुणी लावली?

कारखान्यात पोचले तेव्हा बाकीची मशीनं चालू होती. तिच्या मशीनवर सुपरवायझर वाकून काहीतरी करत होता. जवळ गेले तर तो जाळी बसवत होता. आमच्या चार छत्र्या आदल्या संध्याकाळपर्यंत तिच्यावर वाळत असायच्या, तीच जाळी. हातात पाना. माझ्याकडे बघून तो थांबला, मग पुन्हा स्क्रू आवळायला लागला.

"तिचे केस कुठायत?"

"कसले केस? मशीन साफ केलं."

"कुठे टाकलेत?"

"कचऱ्यात असतील. तू इथे काय करतेस? शेठ शोधतायत तुला."

मी मागच्या ड्रमकडे गेले. पितळेच्या किसात हात घातले. बोटं कापली. तेवढ्यात झाडूवाल्या मावशी आल्या. पन्नाशीच्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. त्यांनी माझा हात धरून मला बाजूला केलं आणि आपल्या डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्राचं एक पुडकं काढलं.

"फेक म्हणाला होता. मी नाही फेकलं," त्या म्हणाल्या. "माणसाचं आहे ते. कचऱ्यात कसं टाकायचं?"

समोरच्या रसवंतीवाल्याने बर्फ दिला. मावशींनी आपला धुतलेला रुमाल दिला. परत जाताना मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते आणि तिच्याकडे बघत नव्हते.

डॉक्टरांनी पिशवी घेतली, घड्याळ बघितलं आणि आत गेले. बाहेरच्या बाकावर तिची आई येऊन बसली होती. चाळीतल्या कुणीतरी तिला निरोप दिला होता. "माझ्या चेडवाक काय झाला गो?" एवढंच ती विचारत राहिली. एक नर्स दुसरीला सांगत गेली, "सकाळची केस टेबलावर घेतली." आईने माझा हात घट्ट धरला. सकाळी जिचे केस मी विंचरले होते, ती दुपारपर्यंत स्वतःच केस झाली होती.

दुसऱ्या दिवशी शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. कधी नव्हे ते बस म्हणाले.

"हॉस्पिटलातून पोलिसांत नोंद गेलीय. आपल्याला आपला रिपोर्ट द्यावा लागेल. लिही. सदर कामगार महिला सूचना देऊनही केस मोकळे सोडून काम करत होती."

माझी बोटं थांबली. "शेठ, अंबाडा होता. मी स्वतः बांधला होता."

ते खुर्चीत मागे रेलले. "तू बांधला होतास? मग तो सुटला कसा? नीट विचार कर. हे लिहायचं का आपण, की टायपिस्टने बांधलेला अंबाडा सुटला?"

मी टाइपरायटरमधला कागद सरळ केला.

"तुझे वडील अजून घरीच आहेत ना?"

मी टाईप केलं. मूळ कागदाखाली दोन कार्बन घालून. 'केस मोकळे सोडून' हे शब्द तिन्ही कागदांवर नीट उमटले. संध्याकाळी घरी आईने जेवण वाढलं तर घास गिळवेना.

ती दीड महिना हॉस्पिटलात होती. कातडीचा जवळजवळ अर्धा भाग धरला, बाकी मांडीची कातडी काढून लावावी लागली. मी रोज संध्याकाळी जायची आणि रिपोर्टबद्दल रोज गप्प बसायची. मग वसाहतीतल्या युनियनचे एक कार्यकर्ते तिला भेटायला आले. "केस टाकू या," ते म्हणाले, "केस मजबूत आहे."

तिची आई उसळली. "केस गेले ते गेले, आता आणि केस कित्याक?"

"मावशी, आत्ता टाकली नाही तर उद्या दुसऱ्या मुलीचंही असंच होईल. फक्त साक्षीदार पाहिजे. जाळी नव्हती हे सांगणारा."

मैत्रीण भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने माझ्याकडे बघितलं असतं तर कदाचित मी पुन्हा गप्प बसले असते. पण तिने बघितलंच नाही. मला काही मागायचं नाही असं तिने ठरवलेलं मला दिसत होतं.

"मी सांगीन," मी म्हणाले. आणि मग रिपोर्टचंही सांगून टाकलं.

ती वळली नाही. भिंतीकडे बघतच म्हणाली, "घरी काय सांगशील?"

घरी वडिलांना सांगितलं. ते चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "नोकरी जाईल."

"हो."

"मग दुसरी बघावी लागेल," असं म्हणून त्यांनी कप उचलला. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःही काम शोधायला बाहेर पडले. दोन आठवड्यांनी त्यांना एका सोसायटीत वॉचमनची नोकरी लागली. संपानंतर पहिल्यांदा.

कामगार कोर्टात माझी साक्ष व्हायला वर्ष गेलं. तोवर मी मुलुंडला एका वकिलाकडे टायपिंग करत होते. अख्खा दिवस दावे आणि अर्ज. तरी पिंजऱ्यात मी पहिल्यांदाच उभी राहत होते. शेठच्या वकिलांनी तो रिपोर्ट माझ्यापुढे धरला.

"हा तुम्हीच टाईप केलाय?"

"हो."

"यात लिहिलंय, केस मोकळे होते."

"ते खोटं आहे. अंबाडा होता. मी बांधला होता."

"म्हणजे तेव्हा तुम्ही खोटं लिहिलंत?"

"हो. तेव्हा लिहिलं."

"आणि तुम्ही बांधलेला अंबाडा सैल नव्हता कशावरून?"

मला याच प्रश्नाची वर्षभर भीती वाटत होती. मी म्हणाले, "मला माहीत नाही. सैल असेलही. पण जाळी असती तर सैल अंबाड्यानेही काही झालं नसतं. जाळी अपघातानंतर बसवली. मी केस न्यायला परत गेले तेव्हा बसवत होते. त्याआधी आम्ही तिच्यावर छत्र्या वाळत घालायचो."

न्यायाधीश लिहिता लिहिता थांबले. "छत्र्या?"

"हो साहेब. चार."

नंतर झाडूवाल्या मावशींचीही साक्ष झाली. त्यांची नोकरी तर अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी गेली होती. तरी त्या आल्या. निकाल आमच्या बाजूने लागला. भरपाई मिळायला आणखी वर्ष लागलं, पण मिळाली.

साक्षीच्या दिवशी कोर्टाबाहेर वडापाव खाताना मी तिला धीर करून विचारलं, "खरं सांग. सैल होता का गं?"

"मला आठवत नाही," ती म्हणाली. "खरंच. त्या सकाळचं काहीच आठवत नाही मला." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "आणि आठवलं तरी तुला सांगणार नाही." ती थट्टा करत होती की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

पुढे तिला बोरिवलीला एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. डोक्याला ती कायम स्कार्फ बांधायची. एका रविवारी भेटायला गेले तर तिने कामाचं सगळं वर्णन केलं. बाटल्या ओळीने येतात, चोवीस बाटल्या झाल्या की खोकं बंद करायचं. त्या खोक्याला तिथे केस म्हणतात.

"दिवसाला दीडशे केस होतात माझे," ती म्हणाली आणि स्वतःच थबकली. मग खो खो हसत सुटली. "ऐकलंस का गं आई? दिवसाला दीडशे!"

आतून आई ओरडली, "काय तोंडाक येयत ता बोलता!" पण तीही हसत होती. मग तिने आम्हाला घावणे वाढले. नारळाच्या रसाबरोबर मी चार खाल्ले.