दाढेवर मिल चालवणारे नाना

आमच्या जळगावच्या डाळ मिलमध्ये नानांचं सकाळचं पहिलं काम तूर चावायचं. वाळवणीतली चिमूटभर तूर तोंडात टाकायची, डोळे मिटायचे आणि 'कट्' आवाज झाला की म्हणायचं, "दाना तयार शे. लावा मशीन." तूर ओली राहिली तर साल सुटत नाही, फाजील सुकली तर डाळीचा चुरा होतो. या दोहोंमधली नेमकी वेळ नानांच्या दाढेला कळे. अमळनेरहून सकाळच्या गाडीने येणारा हा काटकुळा माणूस हो म्हणेपर्यंत माझे वडीलही बटणाला हात लावत नसत. "दाना बोलस, भाऊ. आपुन फक्त ऐकानं," हे मी लहानपणापासून ऐकत आलो.

वडील गेले, मिल माझ्याकडे आली आणि दोन हंगामांत चुरा वाढू लागला. मी मालाला दोष दिला, हवेला दिला. नानांवर संशय घ्यायचं स्वप्नातही आलं नाही. शेवटी वाळवण आपोआप सांभाळणारी यंत्रणा बसवायचं ठरलं. तीन कंपन्यांची माणसं बोलावली. निवड मी मोठ्या मानाने नानांवर सोपवली. एवढा दुष्ट मान मी आयुष्यात कुणाला दिला नाही.

नानांनी तिघांची परीक्षा एकाच रीतीने घेतली. आधी दाणा चावून आपला निकाल सांगायचा, मग विचारायचं, "आते तुनं मशीन काय म्हनस?" पहिल्या दोघांच्या यंत्रावर ओलाव्याचा आकडा वेगळा आला. दोघांनीही नानांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि गोड हसून म्हटलं, "नाना म्हणतात तेच बरोबर. आमचं यंत्र जुळवून घेऊ."

तिसरा धुळ्याचा, बाह्यांना ग्रीस लागलेला. नाना म्हणाले, "ओली शे आखो," म्हणजे अजून वाळू दे. त्याने दोनदा आकडा पाहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "नाही नाना, सुकी गई. आखो ठेवी ते चुरा व्हई." मी भडकलो. "कुणाला शिकवताय, कळतंय का?" नानांनी हातानेच मला गप्प केलं आणि तिथल्या तिथे एक पोतं भरडायला लावलं. साल सुटली, डाळ अख्खीच्या अख्खी उतरली.

नाना मला गोदामामागे घेऊन गेले. तोंडातून कवळी काढून त्यांनी तळहातावर ठेवली. "मना दात गयात, भाऊ. दोन वरीस व्हयनात. हाई कवळीले दाना काय बोलस ते समजस नही. तुले सांगाले जीभ उठनी नही." मग त्यांनी कवळी पुन्हा बसवली. "त्या धुळावालाले ठेव. मना तोंडवर खरं बोलना तो." मी "बरं" म्हणालो.

यंत्रणा चोख चालली. चुरा थांबला. नाना येतच राहिले. मी पॅनेलजवळ त्यांना खुर्ची दिली होती. तेव्हाही रोज चिमूटभर तूर तोंडात जायची, डोळे मिटायचे. मग ते डोळे उघडून पॅनेलवरच्या दिव्याकडे बघत बसायचे. दिवा हिरवा झाला की पुटपुटायचे, "दाना तयार शे." तोवर मशीन सुरू झालेलं असे.

एकदा मी घाईने जात होतो. त्यांनी माझी बाही धरली. "भाऊ, दाना तयार शे का, एक डाव तरी इचार ना माले."

"नाना, आता आराम करा हो," मी हसत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी होती. मी कामात बुडालो होतो. महिन्याभराने ते गेल्याचाच निरोप आला. अमळनेरला गेलो तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं, त्या दिवशी घरी येऊन नानांनी कवळी काढून फडताळात ठेवली, ती परत घातलीच नाही. पेजेवर होते. भाकरी कुस्करून दिली तरी हात लावला नाही. आग्रह केला की म्हणत, "आते काय चावानं शे?"

रोज सकाळी दिवा हिरवा होतो, मशीन लागतं, डाळ सुरेख उतरते. मला मात्र तिथे उभं राहवत नाही. विचारलं असतं तर काय बिघडणार होतं? त्यांचं उत्तर चुकलं असतं, एवढंच. दिवा तर होताच.